रानातल्या वहीपासून खुल्या साठ्यापर्यंत: जैवविविधतेच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या करण्याची रीत

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, प्राणिशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा कुठलाही प्रबंध उघडा. परिशिष्टात बहुधा प्रजातींची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक नावासमोर ‘सामान्य’, ‘दुर्मिळ’ किंवा नुसतीच बरोबरची खूण. ती यादी करण्यासाठी कोणीतरी चार-पाच वर्षं पाऊस अंगावर घेतलेला असतो. कोणत्या तारखेला, कोणत्या ओढ्याकाठी, किती वेळ शोधल्यावर काय सापडलं, हा खरा ऐवज मात्र त्या पीडीएफमध्ये नसतो. तो असतो वहीत किंवा एखाद्या जुन्या लॅपटॉपवरच्या एक्सेल फाइलमध्ये. पदवी मिळते, माणूस नोकरीला लागतो, लॅपटॉप बंद पडतो आणि नोंदी संपतात.

हे नुकसान केवढं असतं, ते निर्णयाची वेळ आली की समजतं. २०१०-११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पश्चिम घाटाचे साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची पर्यावरणीय प्रतवारी केली. अशा कामात जो डेटा हाताशी असेल त्यावरच भागवावं लागतं. नकाशावर एखादा चौकोन रिकामा दिसला, तर तिथं जीव नाहीत की तिथल्या नोंदी कोणाच्या तरी कपाटात आहेत, हे नकाशा सांगू शकत नाही.

तुमच्याकडे अशा नोंदी असतील, मग त्या पीएचडीच्या असोत, कॉलेजच्या प्रकल्पाच्या असोत की वीस वर्षं छंद म्हणून ठेवलेल्या असोत, त्या खुल्या कशा करायच्या ते इथं क्रमानं सांगते. उदाहरण एकच धरू: समजा, तुम्ही आंबोली परिसरात तीन पावसाळे बेडकांचं सर्वेक्षण केलं आहे. पतंग, गवतं, गोड्या पाण्यातले मासे, काहीही असलं तरी रीत हीच.

एक आग्रह मात्र सुरुवातीलाच मांडते, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. नोंद शंकेसकट द्या. जागा नेमकी आठवत नसेल तर किती अंतरापर्यंत चूक असू शकते ते लिहा, ओळख पक्की नसेल तर तसं लिहा, तारखेतला फक्त महिना माहीत असेल तर फक्त महिना लिहा. डेटा अपुरा असल्यानं फारसं बिघडत नाही. अपुरा डेटा नेमका असल्यासारखा दाखवला की बिघडतं.

आधी ठरवा: कोणता डेटा कोणत्या दारातून

ऑस्ट्रेलियात ‘अ‍ॅटलस ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया’ ही राष्ट्रीय संशोधन सुविधा २०१० पासून सुरू आहे आणि तिथले बहुतेक प्रवाह तिच्यात येऊन मिळतात. आपल्याकडे अशी एक खिडकी नाही. कामाच्या प्रकाराप्रमाणे दारं वेगळी आहेत आणि चुकीच्या दारात उभं राहून वर्ष वाया गेलेले लोक पुष्कळ आहेत.

तुम्ही एकटे असाल, मागे संस्था नसेल, तर ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ हे पहिलं दार. २००८ मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर फोटोसकट एकेक नोंद टाकता येते, तक्ता वापरून बऱ्याच नोंदी एकत्र चढवता येतात आणि इतर अभ्यासक ओळख सुचवतात किंवा दुरुस्त करतात. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली राहतो. याच प्रणालीवर भूताननं आपलं राष्ट्रीय पोर्टल उभं केलं. इथल्या नोंदी पुढे जीबिफकडेही जातात.

जीबिफ म्हणजे ‘ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी’. २००१ मध्ये स्थापन झालेली ही आंतरसरकारी व्यवस्था, सचिवालय कोपनहेगनला. जगभरातल्या नोंदी इथं एका साच्यात शोधता येतात. पण जीबिफवर व्यक्ती थेट डेटा प्रकाशित करू शकत नाही; संस्था करते. तुमचं कॉलेज, विद्यापीठ, संग्रहालय किंवा नोंदणीकृत निसर्गसंस्था ‘प्रकाशक’ म्हणून नोंदवावी लागते आणि तिला मान्यता मिळावी लागते. म्हणून हा अर्ज डेटा तयार झाल्यावर नाही, तर डेटा साफ करायला बसाल त्याच दिवशी पाठवा. दोन्ही कामं बरोबरीनं चालू द्या.

डीएनएचे अनुक्रम वेगळ्या ठिकाणी जातात. फरिदाबादच्या ‘रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये ‘इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर’ आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. जीवविज्ञानाच्या डेटासाठीचा हा देशातला पहिला राष्ट्रीय साठा, क्षमता सुमारे ४ पेटाबाइट. त्यामागे २०२१ ची ‘बायोटेक-प्राइड’ मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सार्वजनिक पैशातून तयार झालेला जैविक डेटा शेअर व्हावा हा त्यांचा रोख. बेडकाच्या ऊतीतून काढलेला अनुक्रम तिथं जाईल, बेडूक कुठं आणि केव्हा सापडला ही नोंद जीबिफच्या वाटेनं जाईल आणि दोन्हीकडे एकमेकांचे क्रमांक लिहायचे. हा दुवा राहून गेला तर पुढच्या संशोधकाला अनुक्रम मिळतो पण तो प्राणी कोणत्या ओढ्यातला, ते कळत नाही.

पक्ष्यांच्या याद्या असतील तर पक्षीनिरीक्षणाच्या नोंदींचं ‘ईबर्ड’ हे संकेतस्थळ वापरा, दुसरीकडे जायची गरज नाही. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा राहिला आणि त्यात ९४२ प्रजातींची स्थिती तपासली गेली. ते शक्य झालं, कारण ईबर्डवरची पूर्ण यादी नुसतं काय दिसलं एवढंच सांगत नाही. किती वेळ पाहिलं, किती अंतर चाललो, हेही सांगते. बेडकांच्या डेटातही आपल्याला तेच साधायचं आहे.

परवानगी आणि मालकी

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तंटे इथूनच होतात. मार्गदर्शक, सहलेखक आणि ज्यांनी प्रत्यक्ष रात्री जागवल्या त्या सगळ्यांची लेखी संमती घ्या. एक ईमेल पुरते. वन विभागाचं परवानगीपत्र पुन्हा वाचा, डेटा किंवा अहवाल सादर करण्याबद्दलच्या अटी त्यात असू शकतात. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या अटी पाहा. प्रकल्पात परदेशी भागीदार असेल तर जैवविविधता कायदा २००२ आणि त्यातली २०२३ ची दुरुस्ती लागू होते का, हे संस्थेकडून तपासून घ्या आणि शंका असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला विचारा. नवी प्रजाती सापडली असेल तर नमुना सरकारनं नेमलेल्या संग्रहात जमा करणं कायद्यानंच सांगितलं आहे. तो जमा करून मिळालेला क्रमांक डेटात लिहा.

आणखी एक गोष्ट, आणि हिच्याबाबत मी कडक आहे. कोणती मुळी कशावर देतात, कोणता कंद कसा खातात हे एखाद्या वैदूनं किंवा कातकरी बाईनं तुम्हाला विश्वासानं सांगितलं असेल, तर ते प्रजातीच्या नोंदीतल्या शेऱ्याच्या रकान्यात घुसडून जगापुढे मांडू नका. ते ज्ञान त्यांचं आहे. लोकजैवविविधता नोंदवहीसाठी ते गोळा झालं असेल तर गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विचारल्याशिवाय हात लावू नका.

वहीतून तक्त्यात: एक नव्हे, दोन तक्ते

जगभर या नोंदींसाठी ‘डार्विन कोअर’ नावाचा साचा वापरतात. २००९ मध्ये तो प्रमाण म्हणून मंजूर झाला. तो म्हणजे रकान्यांच्या नावांची आणि त्यांच्या अर्थांची ठरलेली यादी. इथं मी रकान्यांची नावं देवनागरीत लिहिते आहे. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, अधिकृत यादीत आहेत तशीच, मधे जागा न सोडता लिहायची. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर यंत्र तो रकाना ओळखत नाही.

बहुतेक लोक एकच तक्ता करतात: प्रजाती, ठिकाण, तारीख. त्यात चूक काही नाही, पण सर्वेक्षणाची अर्धी किंमत तिथंच गळून पडते. तुम्ही ठरवलेल्या १०० मीटरच्या पट्ट्यांवर रात्री ठराविक वेळ चालून बेडूक मोजले असतील, तर दोन तक्ते करा.

पहिला तक्ता फेऱ्यांचा. प्रत्येक रात्रीची प्रत्येक फेरी म्हणजे एक ओळ. रकाने: ‘इव्हेंट आयडी’ म्हणजे फेरीचा क्रमांक, ‘इव्हेंट डेट’ म्हणजे तारीख, अक्षांश, रेखांश, ‘सॅम्पलिंग प्रोटोकॉल’ म्हणजे पद्धत, ‘सॅम्पल साइझ व्हॅल्यू’ आणि ‘सॅम्पल साइझ युनिट’ म्हणजे किती आणि कशात मोजलं (१०० आणि मीटर), आणि ‘सॅम्पलिंग एफर्ट’, म्हणजे ‘२ निरीक्षक, ६० मिनिटं’ असा सरळ मजकूर.

दुसरा तक्ता सापडलेल्या जिवांचा. प्रत्येक फेरीतली प्रत्येक प्रजाती म्हणजे एक ओळ, आणि पहिल्या तक्त्याशी जोडणारा तोच इव्हेंट आयडी. इथले मुख्य रकाने: ‘ऑकरन्स आयडी’, ‘बेसिस ऑफ रेकॉर्ड’, ‘सायंटिफिक नेम’, संख्या आणि ‘ऑकरन्स स्टेटस’, म्हणजे प्रजाती होती की नव्हती. बेसिस ऑफ रेकॉर्डमध्ये नोंद कशावर आधारली आहे ते येतं: डोळ्यांनी पाहिलं किंवा आवाज ऐकला तर ‘ह्यूमन ऑब्झर्व्हेशन’, संग्रहातला नमुना असेल तर ‘प्रिझर्व्ह्ड स्पेसिमेन’, कॅमेरा ट्रॅप किंवा आवाज टिपणारं यंत्र असेल तर ‘मशीन ऑब्झर्व्हेशन’.

ज्या फेरीत एकही बेडूक मिळाला नाही, तीही पहिल्या तक्त्यात असलीच पाहिजे. असल्या ओळी लोक ‘रिकाम्या आहेत’ म्हणून काढून टाकतात. पण दहा वर्षांनी कोणी त्याच ओढ्यावर गेलं आणि तिथं बेडूक मिळाला, तर तो नव्यानं आला की आधीही होता, हे ती रिकामी ओळच सांगेल. ऑकरन्स स्टेटसमध्ये ‘अ‍ॅबसेंट’ (अनुपस्थित) हा शब्द मात्र जपून वापरा. तुमच्या पद्धतीनं ती प्रजाती सापडण्याजोगी होती आणि तुम्ही ती खरोखर शोधत होता, तरच. रात्री जमिनीवर बॅटरी मारत चालणाऱ्यानं झाडाच्या शेंड्यावरच्या बेडकाची अनुपस्थिती नोंदवू नये.

ऑकरन्स आयडी हा त्या नोंदीचा जन्मभराचा क्रमांक. एक्सेलमधला ओळ क्रमांक आयडी म्हणून कधीही वापरू नका. तक्ता एकदा वेगळ्या क्रमानं लावला की सगळे क्रमांक दुसऱ्याच बेडकांना चिकटतात. संस्थेचं लघुनाव, प्रकल्प, वर्ष, अनुक्रम असं काही ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. दोन वर्षांनी दुरुस्त फाइल चढवताना आयडी बदलले, तर जगाच्या दृष्टीनं जुने बेडूक नाहीसे झाले आणि नवे जन्मले.

‘रेकॉर्डेड बाय’ या रकान्यात नोंद करणाऱ्या सगळ्यांची नावं येतात, मधे उभी रेघ टाकून. वाट दाखवणारा गावातला मुलगा आणि सोबत आलेला वनरक्षक यांना विचारून त्यांचीही नावं घाला. बऱ्याचदा बेडकाचा आवाज आधी त्यांनीच ओळखलेला असतो.

तारखा

०३/०७/२०१९ ही तीन जुलै की सात मार्च? पावसाळी बेडकांच्या बाबतीत कदाचित अंदाज करता येईल, यंत्राला येणार नाही. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी: २०१९-०७-०३. फक्त महिना माहीत असेल तर २०१९-०७. मुक्काम दोन दिवसांचा होता आणि नेमका दिवस कळत नसेल तर २०१९-०७-०३/२०१९-०७-०४. जुन्या वहीत नुसतं ‘पावसाळा, २०१२’ असेल तर वर्ष लिहा आणि मूळ शब्द ‘व्हर्बेटिम इव्हेंट डेट’ या रकान्यात जसेच्या तसे ठेवा. दिवस माहीत नाही म्हणून १ तारीख टाकण्याची सवय मात्र सोडा. त्यानं साऱ्या महाराष्ट्रातले जीव महिन्याच्या पहिल्या दिवशी बाहेर पडल्यासारखे दिसतात.

एक्सेल तारखा आपल्या मनानं बदलतं. म्हणून माहिती भरण्याआधीच तारखेचा रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या.

अक्षांश-रेखांश: इथं वेळ द्या

सगळ्यात जास्त चुका इथं होतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथंच.

जुन्या जीपीएसवर किंवा वहीत अंश-मिनिटं-सेकंद असतात. महाबळेश्वरजवळचा एक अक्षांश घ्या: १७ अंश ५५ मिनिटं २४ सेकंद. दशांशात करताना मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३६०० नं भागून बेरीज करायची: १७ + ०.९१६७ + ०.००६७ = सुमारे १७.९२३३. पुष्कळ जण सरळ १७.५५२४ लिहून मोकळे होतात. दोन्हींतला फरक सुमारे ४१ किलोमीटरचा आहे. म्हणजे घाटमाथ्यावरचा बेडूक थेट दक्षिणेला दुसऱ्याच तालुक्यात जाऊन बसतो. आणि हा बिंदू महाराष्ट्रातच पडत असल्यानं कुठलीही स्वयंचलित तपासणी त्याला अडवत नाही. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली तर निदान बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो आणि चूक लगेच दिसते.

दशांशानंतर किती आकडे? चार आकडे म्हणजे साधारण ११ मीटर, दोन आकडे म्हणजे साधारण १.१ किलोमीटर. मोबाइलवर सात-आठ आकडे येतात, पण ते अचूकतेचा पुरावा नव्हेत. अचूकतेसाठी वेगळा रकाना आहे, ‘कोऑर्डिनेट अनसर्टन्टी इन मीटर्स’. तुमच्या बिंदूभोवती किती मीटरचं वर्तुळ काढलं म्हणजे खरी जागा त्यात नक्की येईल, तो आकडा. उघड्यावर चांगल्या जीपीएसनं घेतलेला बिंदू असेल तर १० ते ३० मीटर. दाट झाडीत किंवा दरीत त्याहून जास्त. १ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. त्याआधीच्या वाचनांना निदान १०० मीटर लिहा.

जीपीएस नसलेल्या जुन्या नोंदींचं काय? नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसतं ‘खंडाळा’ लिहिलं असेल, तर खंडाळ्याचा मध्य घ्या आणि तिथून वस्तीच्या सगळ्यात दूरच्या टोकापर्यंतचं अंतर अनिश्चितता म्हणून लिहा. ते ३ किलोमीटर आलं तर ३०००. त्याची लाज वाटायचं कारण नाही. ३००० मीटरची प्रामाणिक नोंद हवामानाच्या अभ्यासाला उपयोगी पडते. २० मीटर असल्याचं भासवणारी तीच नोंद चुकीच्या उताराचं, चुकीच्या उंचीचं पाऊसमान उचलते. आणि खंडाळा सातारा जिल्ह्यातला की लोणावळ्याजवळचा, हे आधी ठरवा. वही किंवा चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या आदल्या-नंतरच्या दिवसांच्या नोंदी पाहिल्या की बहुधा उलगडा होतो.

‘जिओडेटिक डेटम’ म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या गणिती आधारावर मोजले ते. या रकान्यात आजच्या जीपीएससाठी ‘डब्ल्यूजीएस ८४’ येतं. जुन्या भारतीय सर्वेक्षण नकाशांवरून बिंदू काढला असेल तर त्यांचा आधार ‘एव्हरेस्ट’ हा आहे. दोन्हींत शेकडो फुटांचा फरक पडतो, म्हणून नकाशाचा आधार नोंदवाच. आणि हा रकाना भरताना कोपरा धरून खाली ओढू नका. एक्सेल शेवटचा आकडा वाढवत नेतं: ८४, ८५, ८६. जगभरच्या डेटात अशा अस्तित्वात नसलेल्या डेटमच्या रांगा सापडतात.

नावं

सायंटिफिक नेममध्ये शास्त्रीय नाव, ते देणारा लेखक आणि ते दिल्याचं वर्ष लिहा. मराठी नाव ‘व्हर्नाक्युलर नेम’मध्ये जरूर द्या, पण त्यावर विसंबू नका. एकच नाव दोन तालुक्यांत दोन जिवांना असतं.

नावं बदलतात. कोयनेच्या भेकाला १९६३ मध्ये ‘ब्युफो कोयनेन्सिस’ म्हणून नाव मिळालं. आज तो ‘झँथोफ्राइन कोयनेन्सिस’ आहे. २००९ मध्ये वर्णन झालेला आंबोलीचा भेक त्याच जीनसमधला, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या त्याच गटातला. निव्वळ नावबदल असेल तर जीबिफची नावं जुळवण्याची सोय जुनं नाव नव्याशी जोडून देते. खरी अडचण वेगळी. २०११ मध्ये एकाच शोधनिबंधात ‘निक्टिबॅट्राकस’ या रातबेडकांच्या जीनसमध्ये १२ नव्या प्रजाती आल्या आणि २०१७ मध्ये आणखी ७. म्हणजे २००८ च्या वहीत जे नाव आहे, ते आजच्या अर्थानं तोच प्राणी असेलच असं नाही, आणि कुठलंही यंत्र हे तुमच्यासाठी सोडवू शकत नाही. म्हणून ‘आयडेंटिफाइड बाय’, ‘डेट आयडेंटिफाइड’ आणि कोणत्या ग्रंथावरून ओळखलं ते ‘आयडेंटिफिकेशन रेफरन्सेस’मध्ये भराच. ओळख २००८ ची आहे एवढं दिसलं तरी वाचणारा सावध होतो.

प्रजातीबद्दल खात्री नसेल तर जीनसपर्यंतच लिहा. ‘याच्यासारखा, पण नक्की नाही’ असं असेल तर ‘सीएफ.’ हे चिन्ह नावात न मिसळता ‘आयडेंटिफिकेशन क्वालिफायर’ या रकान्यात टाका. नावात मिसळलं तर यंत्र ते गाळून नोंद पक्की असल्यासारखी दाखवू शकतं. वहीतलं मूळ नाव मात्र पुसू नका, ते ‘व्हर्बेटिम आयडेंटिफिकेशन’मध्ये ठेवा.

नावं साफ करायला ‘ओपनरिफाइन’ हे फुकट मिळणारं साधन उत्तम आहे. एकाच नावाची चार स्पेलिंगं ते एकत्र गोळा करून दाखवतं.

काय लपवायचं आणि कसं

खुला डेटा म्हणजे प्रत्येक बिंदू चव्हाट्यावर, असं नाही. महाराष्ट्रात मांडूळ अंधश्रद्धेपायी विकलं जातं. खवल्या मांजराला खवल्यांसाठी मारतात. कंदीलपुष्पांच्या काही प्रजाती एखाददुसऱ्या कड्यावर उरल्या आहेत आणि त्यांचे कंद उकरून नेणारे आहेत. अशांची नेमकी जागा देऊ नका.

पण नोंदच दडवणं हाही उपाय नाही. जी प्रजाती नकाशावर नाही, तिच्यासाठी खाण किंवा रस्ता अडवता येत नाही. मधला मार्ग ठरलेला आहे. अक्षांश-रेखांश दशांशानंतर एकाच आकड्यापर्यंत आणा; अनिश्चिततेत सुमारे ८००० मीटर लिहा; ‘डेटा जनरलायझेशन्स’ रकान्यात ‘०.१ अंशापर्यंत सामान्यीकरण केलं’ असं सांगा आणि ‘इन्फर्मेशन विथहेल्ड’ रकान्यात नेमकी जागा कोणाकडे मागता येईल ते लिहा. बिंदू गुपचूप इकडेतिकडे सरकवून देणं हा मात्र डेटात खोटं मिसळण्याचाच प्रकार आहे. पुढे कोणी त्यावर संवर्धनाची आखणी केली तर ती चुकीच्या डोंगरावर होईल.

आता गळतीच्या जागा. आकडे गोल केले आणि ठिकाणाच्या वर्णनात ‘देवराईमागचा कातळ, दुसरा ओढा’ तसंच राहिलं, असं हमखास होतं. फोटोच्या फाइलमध्ये जीपीएस दडलेलं असतं, ते काढा. आणि दोन तक्त्यांच्या डेटात एक सापळा आहे: अक्षांश-रेखांश फेरीला असतो, बेडकाला नाही. संवेदनशील प्रजातीची ओळ अस्पष्ट केली, पण त्याच फेरीतल्या इतर बेडकांना नेमका बिंदू राहिला, तर लपवलं काहीच नाही. अशा वेळी अख्खी फेरीच गोल करावी लागते, किंवा ती प्रजाती वेगळ्या संचात द्यावी लागते. खासगी शेतात, घराच्या परसात घेतलेल्या नोंदींनाही हीच काळजी लागू. कॅमेरा ट्रॅपमध्ये आलेल्या माणसांचे फोटो तर बाहेर जाताच कामा नयेत.

परवाना आणि माहितीपत्रक

जीबिफ तीन परवाने स्वीकारतं: सीसी झीरो (कोणतीही अट नाही), सीसी बाय (श्रेय द्या), सीसी बाय-एनसी (श्रेय द्या, व्यापारी वापर नको). आपल्याकडे भीतीपोटी तिसरा निवडतात. माझं मत सीसी बायच्या बाजूनं आहे. ‘व्यापारी’ म्हणजे नेमकं काय हे धूसर असल्यानं सावध माणूस तो डेटा वापरतच नाही. विकिपीडियासुद्धा असे फोटो घेत नाही.

संचाचं माहितीपत्रक निबंधाच्या ‘पद्धती’ भागाइतक्याच काळजीनं लिहा. शीर्षकात काय, कुठं, कधी हे तिन्ही यावं; ‘बेडूक डेटा अंतिम २’ हे शीर्षक नव्हे. कोणत्या महिन्यांत गेलात, कोणत्या उंचीपर्यंत, काय मुद्दाम वगळलं (उदाहरणार्थ, बेडूकमासे, म्हणजे बेडकांची पिल्लं, ओळखले नाहीत), कोणत्या नोंदी आवाजावरून आहेत, हे सगळं लिहा. प्रत्येकाचा ओर्सिड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक, द्या, म्हणजे ईमेल बदलला तरी माणूस सापडतो.

एवढं लिहिलं की ‘डेटा पेपर’ जवळजवळ तयारच असतो. डेटा गोळा करण्याचं आणि नीट मांडण्याचं श्रेय स्वतंत्र शोधनिबंधातून मिळावं, ही कल्पना जैवविविधतेच्या क्षेत्रात पुढे आणणाऱ्यांत विश्वास चव्हाण आहेत, ज्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलं होतं. ल्युबोमिर पेनेव यांच्यासोबतचा त्यांचा यावरचा लेख २०११ चा. पदोन्नतीसाठी प्रकाशनं मोजली जातात, अशा प्राध्यापकांनी हा मार्ग अवश्य पाहावा.

तपासा आणि चढवा

दोन्ही तक्ते यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात, सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइल म्हणून साठवा. नाहीतर मराठी गावांच्या नावांची जागा चौकोन आणि प्रश्नचिन्हं घेतात. मग जीबिफच्या ‘डेटा व्हॅलिडेटर’मधून फाइल घाला. शून्य अक्षांश-रेखांश, देश आणि बिंदू न जुळणं, अशक्य तारखा, न जुळलेली नावं तो दाखवतो. त्यानंतर सगळे बिंदू क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर टाकून स्वतः पाहा. घाटातला बेडूक समुद्रात किंवा सोलापूरच्या माळावर दिसला तर ते यंत्राला खटकणार नाही, तुम्हाला खटकेल.

प्रकाशनासाठी संस्था ‘इंटिग्रेटेड पब्लिशिंग टूलकिट’ वापरते, ज्याला सगळे आयपीटी म्हणतात. स्वतःचा सर्व्हर नसेल तर दुसऱ्या संस्थेनं चालवलेल्या आयपीटीवर जागा मिळू शकते. तिथं तक्ते चढवायचे, रकाने डार्विन कोअरशी जोडायचे, माहितीपत्रक भरायचं आणि प्रकाशित करायचं. आयपीटी सगळं एका झिप फाइलमध्ये बांधतं आणि जीबिफ ती उचलतं. संचाला डीओआय, म्हणजे कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, मिळतो. हाच डीओआय निबंधात, प्रबंधात, बायोडेटात द्या.

चढवण्याआधी एक पाहा: याच नोंदी तुम्ही आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरही टाकल्या आहेत का? तिथल्या ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे इतरांनी ओळख दुजोरा दिलेल्या, नोंदी योग्य परवाना असेल तर आपोआप जीबिफवर जातात. दोन्हीकडे ठेवायच्या असतील तर ‘असोसिएटेड ऑकरन्सेस’ रकान्यात दुवा द्या, म्हणजे एक बेडूक दोनदा मोजला जाणार नाही.

प्रकाशित झाल्यानंतर

आता पत्रं येतील. कोणी सांगेल की अमुक नोंदीतला फोटो दुसऱ्याच प्रजातीचा दिसतो, कोणी विचारेल की तमुक फेरीत पाऊस होता का. उत्तर द्या आणि दुरुस्ती आधी मूळ तक्त्यात करा, मग तोच तक्ता त्याच आयडींसह पुन्हा चढवा. आयपीटी नवी आवृत्ती करतं आणि डीओआय तोच राहतो. काय बदललं ते आवृत्तीच्या टिपेत एका ओळीत लिहा. ओळख बदलली असेल तर जुनी ‘प्रीव्हियस आयडेंटिफिकेशन्स’मध्ये हलवा.

तुमचा डेटा कोणत्या निबंधांत वापरला गेला हे संचाच्या पानावर दिसत जातं. जीबिफवरून डेटा उतरवणाऱ्याला प्रत्येक डाउनलोडचा वेगळा डीओआय मिळतो आणि त्यानं तो उद्धृत केला की मागोवा तुमच्यापर्यंत पोचतो. उद्या तुम्ही स्वतः दुसऱ्यांचा डेटा उतरवाल तेव्हा ‘जीबिफवरून घेतला’ एवढंच लिहून थांबू नका, तो डाउनलोडचा डीओआय लिहा.

तीन पावसाळ्यांचा ढीग पाहून हात गळत असतील तर एकाच पावसाळ्याच्या फेऱ्या घ्या आणि त्या पूर्ण करून चढवा. उरलेल्या दोन पावसाळ्यांच्या ओळी त्याच संचात पुढच्या आवृत्तीत जोडता येतात; त्यासाठी नवी परवानगी, नवं माहितीपत्रक किंवा नवा डीओआय लागत नाही.